बाईसाहेबांची झूल

१

पेंढेकाकांनी उभ्या आयुष्यात काडीभर पेंढा वापरला नव्हता. संग्रहालयासाठी मेलेले प्राणी उभे करायचे, हे त्यांचं काम. त्या कामाला लोक पेंढा भरणं म्हणतात, म्हणून ते पेंढेकाका. खरं तर ते फोमचं अंग कोरत, त्यावर मातीनं स्नायू चढवत, आणि कमावलेली कातडी वरून घालून पोटाच्या बाजूनं शिवत. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी हे भेटेल त्याला समजावून सांगितलं. मग नाद सोडला. संग्रहालयातला सुतार तर त्यांना रोज विचारायचा, "काय काका, आज कुणात भरताय?" आणि स्वतःच हसायचा.

कार्यशाळा संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, एका बुटक्या इमारतीत होती. सकाळी कुलूप काढायचं, खिडक्या उघडायच्या, शेगडीवर चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत एकेका प्राण्यासमोर जाऊन उभं राहायचं, हा काकांचा नेम. ओली कातडी वाळताना आवळते. ओठ मागे सरतो, पापणी उचलली जाते, कान कलतो. म्हणून रोज सकाळी कोण कुठे हललंय ते बघावं लागतं. 'हललंय' हा त्या कामातला अगदी साधा शब्द. कोल्ह्याचा ओठ हललाय. घुबडाचं बोट हललंय. टाचणी लावायची, पुढे जायचं. नवख्या माणसानं ऐकलं तर तो दचकेल. काकांना त्यात दचकण्यासारखं कधी काही वाटलं नव्हतं.

त्या सकाळी कोल्ह्याचा ओठ हलला होता. घुबड ठीक होतं. खिडकीजवळच्या टेबलावर, नव्या लाकडी बैठकीवर, दादांचं चांदी अस्वल उभं होतं, आणि त्याची शिवण हलली होती.

पोटाच्या मधोमध घातलेली शिवण डाव्या कुशीवर आली होती. काकांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं. कातडी एका बाजूनं आधी वाळली की शिवण ओढली जाते, हे खरं. पण ओढली जाते ती नखभर. ही चांगली वीतभर सरकली होती, आणि सगळे टाके जसेच्या तसे होते.

"खिडकीतलं ऊन," काका स्वतःशीच म्हणाले. त्यांनी तळहातानं शिवण मागे सारली, टाचण्या टोचल्या, टेबल उन्हातून ओढून भिंतीकडे घेतलं. तोवर आधण उतू गेलं होतं.

२

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. त्यांनी सगळी उमेद या एका प्राण्याच्या मागे घालवली. नावात चांदी आहे आणि अस्वल आहे, प्राण्यात दोन्ही नाही. आकार म्हणाल तर बुटक्या कुत्र्याएवढा. खालून कोळशासारखा काळा, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवर करडी-पांढरी झूल टाकल्यासारखी. कान जवळजवळ नाहीतच. डोळे मण्यांएवढे. पुढच्या पंजांना मात्र अशी नखं, की कठीण जमीन तो लोणी कापावं तशी कापतो.

दादा जेवायला बसले की त्याच्याच गोष्टी. मधमाश्यांचं पोळं फोडताना हजार डंख खातो आणि पोळं खाऊनच उठतो. विषारी साप डोक्याकडून चावून खातो. एकदा खाता खाता साप त्याला डसला, तो तिथेच आडवा झाला, दादा हळहळत बसले. आणि सावली फिरल्यावर पाहतात तर पठ्ठ्या उठला, डोकं झटकलं आणि उरलेला साप संपवायला लागला. "झोप झाली म्हणून उठल्यासारखा," दादा सांगत, आणि हातातला घास तसाच राहायचा.

त्यांतही एक मादी दादांची विशेष लाडकी. तिची अर्धी शेपूट कुणीतरी तोडलेली होती, आणि चाल अशी, की साऱ्या मुलुखाचं भाडं तिलाच येतं. तिला दादा आणि वहिनी बाईसाहेब म्हणत. वहिनी बरेच हंगाम दादांबरोबर झुडपांतल्या लपणात, तिची वाट बघत, बसल्या होत्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. बाईसाहेब दिसल्या की त्या हळूच म्हणत, "आल्या. पाय घ्या आत."

मग एके दिवशी दादांना बाईसाहेब त्यांच्या बिळाच्या तोंडाशी मेलेल्या सापडल्या. म्हातारपणानं, दुसरं काही नाही. दादांनी त्यांना स्वतःच्या कोटात गुंडाळून आणलं आणि संग्रहालयाच्या फ्रीझरमध्ये ठेवलं.

"हिला तू कर," ते काकांना म्हणाले. "पण एक सांगतो. पेंढा भरू नकोस."

"दादा, आता तूपण?"

"थट्टा नाही करत. तुझे प्राणी फोटो काढायला बसवल्यासारखे असतात. भांग पाडलेले. हिला तसं करू नकोस. तुझ्या वहिनीला ही बघताक्षणी ओळखू आली पाहिजे. नाही आली तर तू नापास."

"आणि पास झालो तर?"

"तर तुला उठताबसता बिचारा म्हणतो ना, ते सोडून देईन."

थंडी संपता संपता दादा लपणात बसल्या जागी गेले. दुर्बीण गळ्यात होती. गुडघा दुखत होता म्हणून त्या खेपेला वहिनी गेल्या नव्हत्या. त्यानंतर त्या घरातून फारशा बाहेर पडल्या नाहीत. काका त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत. दुपारी ते घरी जेवायला येत, दोघं समोरासमोर बसत, आणि बोलणं बहुतेक मिठाबद्दल होत असे. एकदाच वहिनी म्हणाल्या, "बाईसाहेब झाल्या की सांगा. अर्धवट दाखवू नका मला."

३

कातडी मोजायची आणि तिच्या मापाचं अंग करायचं, हा या कामातला पहिला धडा. हरीण असो, कोल्हा असो, मापं जुळतात. काकांनी बाईसाहेबांची कातडीही तशीच मोजली, तिच्या मापाचं अंग कोरलं, कातडी चढवली, शिवली. सुरकुती नाही, चूण नाही. दोन पावलं मागे येऊन पाहिलं तर समोर एक गच्च भरलेली उशी उभी होती. उशीला नखं होती, एवढंच.

आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. दादांनी बिबट्याची गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की ती काकांना पाठ होती.

बिबट्यानं बाईसाहेबांना मागून मानेला धरलं. दादा म्हणाले, संपलं. पण बिबट्याच्या तोंडात जे होतं ती नुसती झूल होती. जाड, चिवट, रबरी, आणि आतल्या प्राण्याला भलतीच ढगळ. बाईसाहेब त्या झुलीच्या आत वळल्या. कातडी बिबट्याच्या दातांत जिथल्या तिथे, आणि आत ती सबंध उलटी फिरली, मागे तोंड केलं, आणि जो धरून होता त्याचं नाक धरलं. बिबट्या ओरडला. त्यानं सोडलं. मग थोडा लांब जाऊन, आपल्याला पहिल्यापासून त्यात काही रस नव्हता असा चेहरा करून, तो पंजा चाटत बसला.

"ती आधी सांगते बरं का," दादा पुढे सांगत. "उगाच अंगावर येणारी नाही ती. आधी वास सोडते. असा, की डोळ्यांत पाणी येतं. तरी नाही हटलात तर घशात खुळखुळ्यासारखा आवाज काढते. तरीही तुम्ही धरलंतच, तर मग ती वळते. सगळा बचाव त्या मोकळ्या जागेत आहे. कातडी आणि ती, यांच्यामध्ये जी जागा आहे ना, त्यात."

काकांनी टाके उसवले. ते गुबगुबीत अंग अडगळीत टाकलं, आणि बाईसाहेब होत्या तेवढंच, किडकिडीत, चिवट, दुसरं अंग कोरलं. पायांतून लोखंडी सळया घालून ते बैठकीला पक्कं आवळलं. कातडी वरून नुसती घातली. पंजे, तोंड आणि शेपटीचं थोटूक एवढंच गोंदानं चिकटवलं. मानेपासून कंबरेपर्यंत मध्ये मोकळी जागा ठेवली, हात सहज आत फिरेल एवढी.

आत जागा ठेवलेला असा प्राणी त्यांनी पहिल्यांदाच केला होता. शेवटचा टाका घालून ते मागे सरले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आल्या."

शिवण हलली ती दुसऱ्या सकाळी.

४

तिसऱ्या सकाळी टाचण्या जमिनीवर होत्या आणि शिवण उजव्या कुशीवर.

काका स्टुलावर बसले. माणूस सरळ विचार करायचा. कातडी पंजांना चिकटवलेली आहे. शिवण एवढी फिरायची तर पंजांवरची कातडी पिळवटली पाहिजे. ती पिळवटली नव्हती, हाताला नीट लागत होती. म्हणजे कातडी फिरलेली नाही. कातडी फिरली नसेल, तर आतलं अंग फिरलं असेल. आतलं अंग सळयांनी बैठकीला आवळलेलं आहे. म्हणजे तेही फिरलेलं नाही.

विचार तिथे थांबला आणि पुढे जाईना. काकांनी बैठक उलटी करून नट तपासले. नट घट्ट होते.

"काय शोधताय काका?" सुतार दारातून आत आला. तो प्रदर्शनाच्या काचेची मापं घ्यायला आला होता.

"काल इथे कोणी आलं होतं का रे?"

"इथे? तुमच्या या मंडळींत? मला पैसे दिले तरी मी येणार नाही." त्यानं बाईसाहेबांच्या भोवती टेप धरला. पुढून मापलं, बाजूनं मापलं. मागे जायच्या ऐवजी मात्र तो टेबलावरून हात लांब करून वाकला, आणि अंदाजानं आकडा सांगितला.

"मागून नीट घे की."

"घेतलं की," तो म्हणाला. "बरोबर आहे ते."

तो गेला. बाहेर त्याची करवत सुरू झाली, थांबली. थांबल्यावर खोलीत जी शांतता आली तिच्यात काकांना एक आवाज ऐकू आला. मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी जाड पांघरुणात कूस बदलावी, तसा.

काकांनी कोल्ह्याकडे पाहिलं. मग घुबडाकडे. बाईसाहेबांकडे त्यांनी सगळ्यांत शेवटी पाहिलं. बाईसाहेब समोर बघत उभ्या होत्या. आपल्या हातची इतकी जिवंत गोष्ट काकांनी कधी पाहिली नव्हती, आणि भीती वाटत होती तरी त्यांना मनातून अभिमान वाटला.

५

वहिनींना काका स्वतः घेऊन आले. वहिनी काठी टेकत आल्या, दाराशी थांबल्या, आणि खोलीत दुसरं काही नसल्यासारख्या सरळ टेबलाशी गेल्या.

काका टेबलाच्या कडेला उभे राहिले. दादांच्या परीक्षेचा निकाल आता लागणार होता.

वहिनींनी बाईसाहेबांना डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहून घेतलं. मग त्यांनी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

"आलात का?" त्या बाईसाहेबांना म्हणाल्या. "केवढी वाट बघायला लावलीत."

त्या हसल्या. हसता हसता त्यांचा चेहरा मोडला, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा त्या दुसऱ्या कुणासमोर रडल्या. काकांनी स्टूल पुढे केलं. पाणी द्यावं की देऊ नये हे त्यांना कळेना, म्हणून ते पेला घेऊन नुसते उभे राहिले.

"तीच आहे," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "पाठ बघा ना. अशीच लोंबायची. हे म्हणायचे, घराच्या आत घर बांधून राहते."

"म्हणजे मी पास?"

"पहिल्या वर्गात." त्यांनी पेला घेतला, एक घोट घेतला. मग मान किंचित कलती करून म्हणाल्या, "पण भाऊजी, ही मागे का बघतेय?"

"मागे कुठे? समोर बघतेय. हे बघा, डोळे मी बसवलेत."

"डोळे समोर आहेत हो. बघतेय मागे."

काकांनी वाकून डोळे पुन्हा तपासले.

"लपणात बसून बसून कळायला लागतं," वहिनी सहज म्हणाल्या. "मान इकडे असली तरी लक्ष कुठेय ते पाठीवरून समजतं. तिच्या मागे कुणी आलं की पाठ अशी व्हायची." त्या उठल्या. "तुमचं कामाचं टेबल मागच्या भिंतीशी आहे, म्हणून असेल. तुम्ही काम करता ते तिच्या पाठीमागेच ना?"

"हो," काका म्हणाले.

"मग बरोबर आहे."

६

संचालकबाई आल्या त्या प्राण्यांचं नवं दालन उघडायच्या आधीच्या आठवड्यात. हुशार बाई, बोलायला फटकळ, पण कामाला न्याय देणाऱ्या. त्यांनी कोल्ह्याला नावाजलं, घुबडाला नावाजलं. बाईसाहेबांसमोर येऊन त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ही काय थोरल्या बहिणीचा फ्रॉक घालून आलीय?"

"तो प्राणी तसाच असतो, बाई. कातडी ढगळच असते."

"असेल. पण बघणाऱ्याला ते माहीत नाही. लोक म्हणतील, संग्रहालयाला कातडी जास्त मिळाली होती." त्यांनी नाक आक्रसलं. "आणि कमावताना काही राहिलंय का हो? वास येतोय."

वास काकांना सकाळपासून येत होता. उग्र, गोडसर, डोळ्यांना झोंबणारा. शेपटीखालच्या, वास सोडणाऱ्या गाठी त्यांनी स्वतःच्या हातानं काढून जाळल्या होत्या. कातडी दोनदा धुतली होती.

"जाईल," ते म्हणाले.

"गेलाच पाहिजे. आणि मानेवरचं एवढं सगळं आवळून घ्या. ताठ, नीटस दिसू दे. नाही जमलं तर ही तळघरात जाईल, आणि मी मधल्या जागेवर तुमचा कोल्हा ठेवीन. मला वाईट वाटेल, पण ठेवीन."

बाई गेल्या, आणि काकांच्या ध्यानात आलं की आपल्याला हायसं वाटतंय. लाज वाटावी इतकं हायसं. मानेमागे चूण धरायची, जादा कातडी कापायची, पाठीवरून घट्ट टाके घालायचे. आत जागाच उरणार नाही. मग शिवण हलणार नाही, आवाज येणार नाही, काही म्हणता काही होणार नाही. एक गच्च भरलेली उशी. आणि हे आपण भिऊन केलं असं कुणी म्हणणार नाही, वरून सांगितलं म्हणून केलं.

जेवताना त्यांनी ते वहिनींना सांगितलं.

वहिनींनी वाढता वाढता पळी थांबवली. "आवळली की ती ती राहणार नाही."

"नोकरी आहे, वहिनी."

"नोकरी आहे ते ठाऊक आहे मला." त्यांनी पळी पुन्हा भांड्यात ठेवली. "पण यांनी तुम्हालाच का सांगितलं? आवळणारे पुष्कळ होते."

काका खाली मान घालून जेवले. थोड्या वेळानं वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला यांचं शेवटचं तोंडही नीट बघता आलं नाही, भाऊजी. आणलं तेव्हा सगळं कसं चापूनचोपून केलेलं होतं. भांगसुद्धा पाडलेला. हे कधी भांग पाडायचे? मला तो माणूस ओळखूच येईना. ती एक ओळखू आली."

त्या उठून आत गेल्या. काकांनी आपलं ताट धुतलं, त्यांचंही धुतलं, आणि कार्यशाळेत परत आले. दाभण, कात्री, मेणाचा दोरा. सगळं टेबलावर मांडलं.

७

दुपार होती. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. बाहेर सुतार कुणाशी तरी खिळ्यांवरून हुज्जत घालत होता. भ्यावं असं त्या खोलीत काही नव्हतं, आणि काका स्वतःला तेच सांगत होते.

वास दाट झाला होता. त्यांनी तोंडाला रुमाल बांधला.

ते बाईसाहेबांच्या मागे जाऊन उभे राहिले. मानेवरची झूल केवढी सुंदर होती! प्रत्येक केस करडा, टोकाला पांढरा. या झुलीनं डंख झेलले होते, साळिंदराचे काटे झेलले होते, बिबट्याचे सुळे झेलले होते. काकांनी आजवर शेकडो कातड्या हाताळल्या होत्या, पण आपल्यापेक्षा मोठी वाटलेली ही एकटीच.

"माफ करा," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांनी डाव्या हातानं मानेमागची चूण धरली. घट्ट, मुठीत.

आवाज आला. खुळखुळा हळूच हलवावा तसा, पण ओला, आतून येणारा. काकांनी आपल्या छातीवर हात ठेवून पाहिलं. तो त्यांचा श्वास नव्हता. रुमालाआड त्यांनी श्वास रोखला, तरी तो चालूच होता.

मूठ सोडावी हे त्यांना कळत होतं. दादांनी इतक्यांदा सांगितलं होतं. पण भ्यालेल्या माणसाची मूठ सुटत नाही, उलट आवळते. त्यांची आवळली. उजव्या हातानं त्यांनी कात्री उचलली.

मुठीतली कातडी जागची हलली नाही. आणि तिच्या आत काहीतरी फिरलं.

झटका नव्हता तो. सावकाश, पूर्ण ताकदीनिशी, अरुंद जागेत सराईतपणे फिरावं तसं ते फिरलं. काकांच्या बोटांना एकामागून एक बरगड्या जाणवल्या. फोमला त्यांनी बरगड्या कोरल्या नव्हत्या. मग खांदा आला. मग रुंद, सपाट, कठीण असं डोकं त्यांच्या तळहाताखाली येऊन थांबलं.

टेबलापलीकडच्या, आत उघडलेल्या खिडकीच्या काचेत काकांना बाईसाहेबांचं तोंड दिसत होतं. जबडा, नाक, मिशा, सगळं त्यांनी बसवलं होतं तसंच. फक्त पापण्यांच्या फटींत डोळे नव्हते. तिथे करडे, दाट केस होते. मानेवर मागच्या बाजूला असतात तसे.

मनगटावर काहीतरी टेकलं. कातडीच्या आतून, कातडीसकट. वर एक टोक, खाली एक टोक. दाबलं नाही. नुसतं टेकवून धरलं, आणि वाट पाहिली.

काका किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. बाहेर सुतार हसला. त्या हसण्यानं त्यांच्या हातात जीव आला. त्यांनी आधी कात्री खाली ठेवली. मग एक बोट उघडलं. मग दुसरं. मूठ पूर्ण उघडली तेव्हा मनगटावरचा दाब निघून गेला, तितक्याच सावकाश, आणि झूल एकदा थरथरून बाईसाहेबांच्या पाठीवर बसली.

काकांनी मेणाचा दोरा रिळाला गुंडाळला. मग संचालकबाईंच्या खोलीत जाऊन उभ्या उभ्या म्हणाले, "ढगळच राहील ती. तळघरात ठेवायची तर तळघरात ठेवा. पण आवळणार नाही."

बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. रागवायच्या तयारीनं त्या उठल्या आणि त्यांच्यामागून कार्यशाळेत आल्या. बाईसाहेबांच्या भोवती एक चक्कर मारू लागल्या. अर्ध्या चकरेत त्या थांबल्या, आपण का थांबलो हे न कळल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं, आणि आल्या वाटेनं परत समोर आल्या.

"वास गेला वाटतं," त्या म्हणाल्या.

"गेला."

"राहू दे अशीच." त्यांनी घसा साफ केला. "मधल्याच जागेवर ठेवा. मात्र पाठ भिंतीकडे करा तिची."

"नको," काका म्हणाले. "मागे मोकळं ठेवू या. तिच्या पाठीला लागून कुणी उभं राहणार नाही एवढी जागा."

८

दालन उघडायच्या सकाळी सुतार काच घेऊन आला तेव्हा वहिनी आधीच तिथे होत्या. नवी साडी, काठी, आणि केसांना किंचित तेल. अजून कुणालाच आत सोडत नव्हते, पण काठीवाल्या बाईला अडवायचं धाडस कुणाला झालं नव्हतं.

"काच लावायच्या आधी एकदा भेटते," त्या म्हणाल्या.

"भेटा, आजी," सुतार म्हणाला. "चावणार नाही."

"तुला काय ठाऊक?"

सुतार हसला आणि काच भिंतीला टेकवून बाजूला झाला. वहिनी आधी समोर उभ्या राहिल्या. मग काठी टेकत टेकत वळसा घालून, कुणीच जात नव्हतं तिथे, बाईसाहेबांच्या मागे गेल्या.

"वहिनी," काका पुढे झाले. "तिकडून नको."

त्यांनी ऐकलं नाही. त्यांचा हात वर आला आणि मानेवरच्या झुलीकडे जाऊ लागला. काकांचं मनगट आपोआप दुसऱ्या हातात गेलं. तिथे दोन बारीक खळगे होते, रक्त न आलेले, आणि अजून बुजले नव्हते.

"धरू नका, वहिनी! हात जोडतो, धरू नका तिला."

"धरलंय कुठे?" वहिनी म्हणाल्या.

त्यांनी नुसता हात ठेवला होता. तळवा उघडा, बोटं सरळ, झोपलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा. काका जागच्या जागी थांबले. वास आला नाही, खुळखुळा वाजला नाही.

मग वहिनींच्या हाताखाली झूल हलली. आत कुणीतरी कूस बदलत होतं, सावकाश, त्यांच्याकडे तोंड करून. वहिनींनी डोळे मिटले. हात त्यांनी काढला नाही.